दार उघडायच्या आधी: टर्न-बेस्ड साय-फाय रोगलाइक शूटर कसा खेळायला घ्यायचा

आधी एक गोष्ट क्लिअर करते, या गेमला फास्ट बोटं लागत नाहीत. शूटर म्हटलं की डोळ्यासमोर येतात ती बिल्डिंगखाली मोबाइल आडवा धरून बसलेली पोरं, अंगठे सटासट चालतायत आणि मध्येच कोणतरी ओरडतोय "अरे मागे बघ मागे", ते प्रकरण वेगळं. इथे तुम्ही एक पाऊल टाकलं की समोरचा त्याची चाल करणार, तुम्ही गोळी झाडली की मग त्याची पाळी, आणि तुम्ही काहीच केलं नाही तर तो पण जागच्या जागी उभा. कुकरची तिसरी शिट्टी झाली, उठा, गॅस बंद करा, भाताला मीठ घातलं होतं का यावर आईशी बोलून या, राक्षस तिथेच असतो. बुद्धिबळाच्या पटावर कोणी बंदुका आणि अंधार आणून ठेवला तर कसं होईल, साधारण तसं.

मी भांडुपला राहते, ऑफिस फोर्टला, घरी येईपर्यंत साडेआठ आणि जेवून आवरून होईपर्यंत दहा. त्या वेळेला हात थकलेले असतात पण डोकं अजून काहीतरी सोडवायला मागत असतं, आणि हा गेम नेमका तिथे बसतो.

सुरुवात कुठून करायची, तर माझं मत सरळ आहे, डीआरएल नावाचा गेम. फुकट आहे आणि जुन्यातल्या जुन्या लॅपटॉपवर चालतो, ग्राफिक्स कार्ड वगैरे काही लागत नाही. याची थोडी हिस्टरी माहिती असली की खेळताना जास्त मजा येते म्हणून सांगते. १९८० मध्ये रोग (Rogue) नावाचा गेम आला, त्यात तुम्ही म्हणजे @ हे चिन्ह, तळघर दर वेळी नवीन आणि मेलात की पहिल्यापासून, त्यावरून या सगळ्या जातीला रोगलाइक नाव पडलं. मग डिसेंबर १९९३ मध्ये डूम आला, मंगळाचे चंद्र, राक्षस, शॉटगन, सगळी धावाधाव. कॉर्नेल किसिएलेविच या पोलंडच्या माणसाने या दोघांची सांगड घातली, म्हणजे डूमची बंदूक आणि रोगची पाळी, आणि त्याला नाव दिलं डूमआरएल. २०१६ च्या शेवटी डूमचे हक्क असलेल्या झेनिमॅक्स कंपनीकडून नावाबद्दल वकिली पत्र आलं तेव्हा ते डीआरएल झालं आणि त्याच सुमारास त्याचा सोर्स कोड पण सगळ्यांना खुला झाला. त्याच टीमने पुढे ज्युपिटर हेल काढला, ऑगस्ट २०२१ मध्ये पूर्ण व्हर्जन आलं, तो थ्रीडी आहे, विकत घ्यावा लागतो आणि त्याला बऱ्यापैकी मशीन लागतं. त्यात आपण गुरूच्या चंद्रांवर उतरतो, कॅलिस्टो, मग युरोपा, मग आयो. लहानपणी वरळीच्या नेहरू तारांगणात काळोखात मान वर करून ही नावं ऐकलेली, बाबा शेजारी बसलेले, आणि आता वीसेक वर्षांनी मी त्याच कॅलिस्टोवर कव्हर म्हणजे लपायला आडोसा शोधत फिरते, मला ते खरंच भारी वाटतं. गुरू आकाशात असेल तेव्हा साध्या दुर्बिणीतून पण हे चंद्र बारीक ठिपक्यांसारखे दिसतात, गच्चीवर जाऊन एकदा बघा.

असो. डीआरएल उघडला की चित्रं असलेला मोड पण असतो आणि अक्षरांचा पण असतो. नवीन असाल तर चित्रांचा घ्या, पण आठवडाभराने अक्षरांचा एकदा ट्राय कराच, कारण अंधाऱ्या खोलीच्या कडेला एक छोटासा h, म्हणजे माणसासारखा शत्रू, दिसला की पोटात जो गोळा येतो तो चित्राने येत नाही. लॅपटॉपला बाजूचे नंबरवाले बटण नसतील तर तिरकं चालायला होम, एंड, पेज अप, पेज डाउन वापरा, हे न कळल्यामुळे लोक पहिल्या दिवशी नुसते सरळ रेषेत चालतात आणि वैतागून सोडून देतात. एल दाबून कर्सर नेला की समोर कोण उभा आहे ते नावानिशी कळतं, एफने फायर, आरने रिलोड, जीने खालची वस्तू उचलायची, टॅबने पळायचं. पळताना तुम्हाला गोळी लागणं कठीण होतं पण तुमचा नेम पण बिघडतो, म्हणून टॅब पळून जायला वापरा, लढायला नको. एवढी बटणं पाठ झाली की बास.

आता मेन मुद्दा. या गेममध्ये गोळ्या, औषध, चिलखत सगळं असतं पण खरा पैसा म्हणजे वेळ. प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो, पाऊल टाकायला, बंदूक भरायला, बंदूक बदलायला, चिलखत घालायला तर बराच. तुमच्या प्रत्येक कामाच्या वेळात समोरच्याला पण तेवढाच वेळ मिळतो. म्हणून प्रश्न कधीच "मारू का?" असा नसतो, "मारायला किती वेळ जाईल आणि तेवढ्यात माझ्यावर किती जण नेम धरतील?" असा असतो. हे मुंबईच्या माणसाला शिकवायला लागत नाही. सकाळी गाडी प्लॅटफॉर्मला लागल्यावर धावणाऱ्याला आत जागा नसते, आपला डबा कुठे थांबणार आणि दार कोणत्या खांबासमोर येणार हे आधीच ठरवून जो उभा राहतो तो चढतो. इथे पण तेच, दार उघडल्यावर काय करायचं याचा विचार दार उघडल्यावर करायचा नसतो.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? दार उघडायच्या आधी बंदूक भरलेली आहे का बघा, एक गोळी कमी असेल तरी भरा. दार उघडा, आत कोण आहे नुसतं बघा आणि लगेच मागे या. मागे म्हणजे सरळ रेषेत नको हं, दाराच्या समोरून बाजूला, कोपऱ्याआड. आतले सगळे तुमच्यामागे येणार, पण दारातून एका वेळी एकच येतो, आणि कोपऱ्याला वळेपर्यंत त्याला तुम्ही दिसत नाही, दिसता तेव्हा तो तुमच्या अगदी नाकासमोर असतो. नाकासमोर शॉटगनपेक्षा चांगलं काही नाही, डीआरएलमध्ये तिचा नेम चुकतच नाही, फक्त लांबून मारली की मार कमी बसतो. जवळ येऊ द्यायची हिंमत ठेवायची एवढंच. उघड्यावर सापडलात आणि कोणी लांबून आगीचे गोळे फेकतोय तर त्याच्याकडे किंवा त्याच्यापासून सरळ पळू नका, आडवे चाला, आडवं चालताना चुकवायचा चान्स जास्त. आणि पिंपं, ती गोळी लागली की फुटतात. पिंप दिसलं की शेजारी उभं राहायचं नाही, शत्रू शेजारी आला की पिंपाला गोळी घालायची.

मागच्या महिन्यातली एक गोष्ट सांगते म्हणजे कळेल. माझा मावसभाऊ नाशिकवरून आलेला, बारावीला आहे, शेजारी बसून बघत होता. माझी तब्येत अठरा टक्के, हातात साधी एकनळी शॉटगन म्हणजे एक बार काढला की परत भरा, खिशात पाच काडतुसं आणि एक फेज डिव्हाइस, जे वापरलं की तुम्ही कुठेतरी भलतीकडेच जाऊन पडता. कॉरिडॉरच्या पलीकडून तीन जण येत होते, दोन साधे पिस्तूलवाले आणि मागे एक सार्जंट, त्याच्याकडे पण शॉटगन. भाऊ म्हणाला, "ताई, पळ ना, ते टेलिपोर्टवालं वापर." मी म्हटलं थांब, मोजू. पहिला कोपऱ्याला येईल, एक बार, मेला. दुसरा त्याच्या दोन पावलं मागे आहे, म्हणजे भरायला वेळ मिळतो, दुसरा बार, मेला. पण सार्जंट दुसऱ्याला जवळजवळ चिकटून होता, म्हणजे मी भरत असताना तो कोपऱ्याला वळणार आणि अठरा टक्क्यांत त्याचा एक बार मला पुरे. आता वेळ कुठून आणायचा? मग नजर मागच्या दुसऱ्या वळणावर गेली, तीन पावलं. दुसऱ्याला मारल्यावर भरायचंच नाही, आधी त्या वळणापलीकडे जायचं, तिथे तो येईपर्यंत भरायचं. एवढं ठरवायला मला दहाएक मिनिटं लागली असतील, स्क्रीनवर काहीही हलत नव्हतं, आई पाणी द्यायला आली आणि म्हणाली "लॅपटॉप हँग झाला का गं?"

मग खेळले. बार, भर, बार, तीन पावलं, भर. सार्जंट वळला तो थेट नळीसमोर. त्याची शॉटगन आणि काडतुसं पडली, आणि तो ज्या खोलीतून आला तिथे छोटा मेडपॅक, म्हणजे तब्येत सुधारणारं औषध, होतं. भाऊ टाळ्या वाजवायला लागला, रात्रीचे साडेबारा, शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. वेगाने जिंकल्यावर हात थरथरतात, विचार करून जिंकलं की आतून काहीतरी शांत होतं, आणि मी परत परत या गेमकडे येते ती त्यासाठी.

लेव्हल वाढली की एक ट्रेट, म्हणजे कॅरेक्टरची एखादी जादा खुबी, निवडायला मिळतो, तिथे फार घोळ घालू नका. नवीन असताना आयर्नमॅन घ्या, तब्येत वाढते, चुका पचतात. हेलरनर मला पर्सनली सगळ्यात आवडतो कारण तो पावलाचा वेळ कमी करतो, आणि वेळ म्हणजे काय ते वर सांगितलंच. तीन कॅरेक्टरपैकी मरीन घ्या, डिफिकल्टी सगळ्यात सोपी ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

आणि हो, मेलं की सगळं जातं. सेव्ह करून बंद करता येतं पण परत उघडलं की ते सेव्ह वापरलं गेलं, जुन्या जागी परत जाता येत नाही. सुरुवातीला हे फार लागतं. दोन तास खेळून एका चुकीच्या दाराने सगळं गेलं की त्या रात्री झोप येत नाही, मला तर नाहीच यायची. पण मेल्यावर लगेच नवीन गेम सुरू करू नका, दोन मिनिटं बसा आणि शेवटच्या पाच-सहा चाली मागे जाऊन आठवा. जवळजवळ दर वेळी सापडतं की मारणारी चाल शेवटची नव्हती, त्याच्या बरीच आधीची होती, अर्धी रिकामी बंदूक घेऊन खोलीत शिरलात तेव्हाच ठरलेलं. खिशात काय काय उरलं होतं ते पण बघा. न वापरलेला मेडपॅक खिशात घेऊन मेलात तर पुढच्या वेळी तो आधी काढा, साठवून ठेवायला हा गेम म्हणजे बँक नाही.

डीआरएल जमला की ज्युपिटर हेल, तिथे वर सांगितलेलं सगळं लागू पडतं, शिवाय कव्हरला चिकटून लढायचं असतं आणि कव्हर कोणत्या बाजूने आहे ते बघत राहावं लागतं, बाजूने कोणी आला की ते कव्हर नसल्यात जमा. अजून खोल पाण्यात जायचं असेल तर जॉश गी यांचा कॉगमाइंड, त्यात तुम्ही स्वतःच रोबो असता आणि फोडलेल्या रोबोंचे पार्ट स्वतःला लावत पुढे जायचं असतं, पण तो पहिला गेम म्हणून घेऊ नका, माहितीच्या ओझ्याखाली दबून जाल. हेडफोन मात्र सगळ्यांसाठी लावा, दिसत नसलेला शत्रू बऱ्याचदा आधी ऐकू येतो. अंधारात अंदाजाने एक बार काढायचा आणि कोणी कण्हतंय का ऐकायचं ही तर डीआरएल खेळणाऱ्यांची जुनी युक्ती आहे.

माझ्या लॅपटॉपवर सध्या भावाचा गेम सेव्ह आहे. पाचव्या मजल्यावर आहे तो, हातात दुनळी, दोन्ही काडतुसं भरलेली, तब्येत सत्तरच्या वर, बंद दारापासून एक पाऊल बाजूला. क्लासची टेस्ट होती म्हणून तिथेच ठेवून नाशिकला गेला, जाताना तीनदा सांगून गेला "ताई, हात नको लावूस." शनिवारी येतोय.