ड्रॉइंगमधलं Ø बिघडतं कुठे? या चुका टाळा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) टर्निंगच्या, म्हणजे लेथकामाच्या, शेडमध्ये Ø२५ (व्यास २५) च्या जागी ?२५ छापून गेलं, तर कारागीर निदान फोन करून विचारतो. 'एन२५' असं गेलं, की तो त्याला भोकाचं नाव समजतो. दोन्हींचं मूळ एकच: ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये चिन्हाचं चित्र साठवलं जात नाही. साठतो तो अक्षराचा कोड आणि फॉन्टचं नाव. फॉन्ट मात्र तुमच्याच मशीनवर राहतो.

'एन' कुठून आला ते आधी बघू. जीडीटी नावाच्या एसएचएक्स (ऑटोकॅडच्या स्वतःच्या प्रकारच्या) फॉन्टमध्ये स्मॉल एन या अक्षराच्या जागी व्यासाचं चिन्ह बसवलेलं आहे. व्ही म्हणजे काउंटरबोअर (भोकाच्या तोंडाशी सपाट तळाचा रुंद खाचा), डब्ल्यू म्हणजे काउंटरसिंक (तोंडाशी उतरता खाचा), एक्स म्हणजे खोली. ऑटोकॅड मेकॅनिकल या यंत्रभागांसाठीच्या आवृत्तीतून आलेल्या ड्रॉइंगला एएमजीडीटी हा फॉन्ट लागतो, आणि साध्या ऑटोकॅडमध्ये तो नसतो. फॉन्ट सापडला नाही की बदली फॉन्ट येतो, तो बहुधा सिम्प्लेक्स, आणि खालचं उघडं अक्षर दिसू लागतं. त्याचा निरोप कमांड लाइनवर येऊन जातो. म्हणून बाहेरची फाइल उघडल्यावर एफ२ दाबून 'सब्स्टिट्यूटिंग' असं लिहिलेल्या ओळी वाचाव्यात. हवी असलेली एसएचएक्स फाइल ऑप्शन्समधल्या सपोर्ट पाथच्या (ऑटोकॅड जिथे फॉन्ट शोधतं त्या) फोल्डरमध्ये टाका आणि ड्रॉइंग बंद करून पुन्हा उघडा.

इथे घाईत आणखी एक चूक हमखास होते. मजकूर विचित्र दिसला की सगळा सिलेक्ट करून 'रिमूव्ह ऑल फॉरमॅटिंग' दिलं जातं. त्याने जीडीटीची खूणच पुसली जाते आणि चांगली दिसणारी Ø सुद्धा 'एन' होतात.

हे टाळायचं तर व्यासासाठी जीडीटीवर विसंबू नका. दोन टक्के-चिन्हं आणि लगेच सी टाइप केलं की Ø, डी केलं की °, पी केलं की ± मिळतं. कीबोर्ड मात्र इंग्रजीवर हवा. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिला, तर त्याच कळांनी 'ज्ञज्ञम' उमटतं. ऑल्ट धरून ०२१६ टाइप करायचं असेल, तर उजवीकडचा नंबर पॅडच लागतो. वरच्या ओळीतल्या आकड्यांनी काम होत नाही.

प्रश्नचिन्ह आलं, तर कोड बरोबर आहे, पण त्या फॉन्टमध्ये तसं अक्षरच नाही. ₹ चं नेहमी असंच होतं: हे चिन्ह २०१० साली आलं, सिम्प्लेक्स आणि रोमन्स हे एसएचएक्स फॉन्ट त्याआधीचे. स्टाइल कमांडमध्ये 'यूज बिग फॉन्ट'ची खूण काढा आणि ट्रूटाइप (विंडोजचा नेहमीचा) फॉन्ट निवडा. तरीही फरक पडला नाही, तर एमटेक्स्टच्या (अनेक ओळींच्या मजकुराच्या) आत वेगळा फॉन्ट दिलेला असतो. तिथे जाऊन फक्त तेवढंच चिन्ह सिलेक्ट करून फॉन्ट बदला.

बडोद्यातल्या ड्रॉइंगवर शॉप फ्लोअरसाठीच्या सूचना गुजरातीत, कधी मराठीतही असतात. त्या कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मुळीच लिहू नयेत. तिथे 'क' म्हणजे खरं तर इंग्रजी डी असतो, आणि समोरच्याकडे तो डीच दिसतो. युनिकोडमध्ये टाइप करून निर्मला यूआय फॉन्ट दिला, तर गुजराती आणि देवनागरी दोन्ही एकाच स्टाइलमध्ये बसतात.

नवीन ट्रूटाइप फॉन्ट टाकूनही स्टाइलच्या यादीत दिसत नाही? नुसतं 'इन्स्टॉल' केलं असेल, तर विंडोज १० तो फॉन्ट एकट्या यूजरच्या फोल्डरमध्ये ठेवतं. राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' द्या, मग ऑटोकॅड पुन्हा सुरू करा.

फाइल पाठवताना ईट्रान्समिट (ड्रॉइंग आणि त्याला लागणाऱ्या फाइली एकत्र बांधणारी ऑटोकॅडची कमांड) वापरा आणि ट्रान्समिटल सेटअपमध्ये 'इन्क्लूड फॉन्ट्स'वर आठवणीने टिक करा. सोबत पीडीएफ जोडाच, आणि पाठवण्याआधी त्यातला प्रत्येक Ø आणि ± मोठा करून डोळ्यांनी तपासा.