मन हलकं करायला बोर्डगेम: घरच्या घरी बैठक कशी बसवायची

कॅरम, बुद्धिबळ, ल्युडो, चल्लस (फरशीवर पट आखून कवड्यांनी खेळतात तो), खेळ कुठला पण चालतोय, पण त्याने डोकं शांत व्हायला पाहिजे असेल तर कोण बसणार, कधी बसणार आणि कसं बसणार हे आधी जमवावं लागतं. बहुतेक लोक उलटं करतात. ऑनलाइन हजार-दीड हजाराचा गेम मागवायचा, उघडायचा, नियमांचं पुस्तक बघून दमायचं, आणि मग तो डबा कपाटावर गेला की गेला. आपल्या सोलापुरात खरं तर सगळं आयतं आहे, एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला टेकतो, दुपारी बाहेर पडायची सोय नाही, सगळे घरातच असतात पण प्रत्येकजण आपापल्या मोबाईलमध्ये मान घालून. तोच वेळ पकडायचा.

पहिलं काम, माणसं ठरवा

तीन-चार जण पुरे. पोरं पुण्याला नोकरीला गेलेली असतात आणि घरात दोघंच म्हातारी माणसं, अशी घरं जुळे सोलापूरपासून अशोक चौकापर्यंत कुठे पण बघा. त्यांच्यासाठी समोरच्या काकू, वरच्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा, असं कुणी पण चालतंय. वय सारखं पाहिजे असं काही नाही, उलट वेगळं असेल तर मजा जास्त येते.

खेळाचा मनाला खरा फायदा मला इथंच वाटतो. एखादा माणूस आतून खचलाय, त्याला समोर बसवून "काय झालंय, सांग की" म्हटलं की तो "काय नाही" म्हणून उठून जातो. तोच माणूस कॅरमला बसला की सगळ्यांची नजर सोंगट्यांवर, कुणी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, हात चालू असतात, बोललंच पाहिजे अशी सक्ती नसते, आणि मग मधेच स्ट्रायकर लावता लावता हळूच म्हणतो, "कंपनीत परवा जरा झालं." तेव्हा लगेच सल्ला द्यायला धावू नका. "हं, मग?" म्हणा आणि तुमचा स्ट्रोक घ्या. दुसऱ्या डावाला तो स्वतःच पुढचं सांगतो. नाही सांगितलं तरी हरकत नाही, तासभर चार माणसांत बसला हे पण कमी नाही.

दुसरं, वेळ बांधून घ्या

"कधीतरी खेळूया" म्हटलं की कधीच होत नाही. आठवड्यातला एक वार आणि एक वेळ धरा, शनिवारी रात्री जेवणानंतर गच्चीवर वगैरे. उदास माणसाला तर याचा जास्त उपयोग, कारण त्याला रोज उठून काय करायचं हेच सुचत नसतं, निदान शनिवारी चार लोक येणार आहेत हे तरी पक्कं. फक्त नळाला पाणी यायचं वेळापत्रक बघून घ्या बरं का, तुमच्या भागात दिवसाआड येऊ दे नाहीतर चार दिवसांनी, तो दिवस फिरत फिरत कधीतरी तुमच्या वारावर येणारच. पाण्याच्या रात्री कुणाचं लक्ष पटावर नसतं, सगळ्यांचे कान मोटारीकडे. त्या दिवशी सरळ तासभर पुढे ढकला.

बायकांचा वेळ सलग मिळत नाही हे पण ध्यानात ठेवा. गल्लीतल्या मंडळाच्या खोलीत कॅरम असतो पण तिथं कुठली काकू जाऊन बसते सांगा. त्यांच्यासाठी मधेच सोडून परत बसता येईल असा खेळ निवडा, नवकंकरी (पटावर तीन खडे एका ओळीत आणायचा खेळ) किंवा बुद्धिबळ, पट तसाच राहतो, भाकऱ्या करून या आणि पुढची चाल करा.

तिसरं, मनाच्या अवस्थेप्रमाणे खेळ निवडा

इथं लोक विचारच करत नाहीत. डोक्यात काळजी घोंघावत असेल, एका जागी बसवत नसेल तर कॅरम, कारण त्यात हात आणि डोळे दोन्ही गुंततात, ९ काळ्या ९ पांढऱ्या आणि राणी, एवढ्यावर लक्ष ठेवलं की बाकीचं आपोआप मागे पडतं. माणूस खचलेला असेल, स्वतःलाच दोष देत असेल तर सुरुवातीला त्याला बुद्धिबळाला बसवू नका, त्यात हरलं की दोष द्यायला दुसरं कुणी नसतं, सगळं आपल्याच डोक्यावर येतं. त्याला ल्युडो द्या, चल्लस द्या. दान वाईट पडलं, संपला विषय.

घरात सतत खटके उडत असतील, भाऊ-भाऊ किंवा नवरा-बायको, तर सगळे मिळून खेळायचे गेम पण मिळतात, २००८ साली आलेला मॅट लीकॉकचा पँडेमिक त्यातला गाजलेला, जगभर रोग पसरतायत आणि खेळणारे सगळे एका बाजूला, जिंकले तर सगळे नाहीतर सगळेच हरले. महाग आहे, आणि आधी एकाने नियम नीट वाचून ठेवावे लागतात. सगळ्यांनी एकदम पुस्तक वाचायला घेतलं की अर्धे लोक झोपतात.

आणि शब्दांचे खेळ शक्यतो टाळा, म्हणजे आपल्या गावात. एका वाड्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारे बसले की स्क्रॅबल कुणासाठी काढणार? कन्नड घरातली अळगुळी मणे बघा, लाकडाची, ७-७ खळ्यांच्या दोन ओळी, त्यात चिंचोके वाटत वाटत पुढे जायचं, बोलायची गरजच नाही आणि हाताला ते मोजत राहणं इतकं बरं वाटतं की आजी लोक एकट्याच घेऊन बसतात.

एक पैसा न घालता सुरू करायचं असेल तर चल्लस

तेलुगू शेजारी याला अष्टा चम्मा म्हणतील, कन्नडवाले चौका बारा, नियम थोडे इकडेतिकडे, ते बसायच्या आधीच मिटवून घ्या नाहीतर भांडणं ठरलेली. फरशीवर खडूने पाच बाय पाच, २५ घरं काढा. चारही बाजूंच्या मधल्या घरात फुली आणि एकदम मधल्या घरात फुली, या घरात कुणी कुणाला मारायचं नाही. कवड्या नसतील तर दोन चिंचोके घ्या, खलबत्त्यात उभे धरून हलकासा ठोका द्या, जोरात मारला तर भुगा होतो, बरोबर बसला की सरळ दोन फाकी. चार फाकी झाल्या, एक बाजू तपकिरी, एक पांढरी. पांढऱ्या जितक्या वर तेवढं दान, चारही पांढऱ्या म्हणजे ४, चारही तपकिरी म्हणजे ८, आणि ४ किंवा ८ पडलं की परत टाकायचं. प्रत्येकाच्या चार सोंगट्या, बांगडीचे तुकडे, तुरीचे दाणे, खडे, काही पण. आपल्या फुलीतून निघायचं, बाहेरून घड्याळाच्या उलट दिशेने फेरी, मग आतल्या रिंगणात सुलटी, मग मधल्या घरात. बऱ्याच घरात नियम असा की दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत जायचं नाही, हा ठेवाच, गप्प बसलेला माणूस पण यामुळे खवळून हसायला लागतो.

बसायला सोलापुरी चादर टाका पण फासे तिच्यावर टाकू नका, नक्षीच्या विणीवर तिरके अडकतात आणि "हे पाच की सहा" वरून वाद. स्टीलची परात घ्या. आवाज खणखणीत येतो आणि फासा कॉटखाली जात नाही.

बैठकीचे नियम

मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, फक्त ज्याच्या घरी कुणी आजारी आहे त्याचा जवळ राहू दे. पैसे लावायचे नाहीत, दहा रुपयांचे पण नाहीत, पैसा आला की विरंगुळा संपला. शेंगा चटणी आणि कडक भाकरी डाव संपल्यावर, तेलकट बोटं कॅरमला लागली की पावडर गोळा होऊन बसते. तास-सव्वा तासात उठा, अजून एक डाव पाहिजे होता असं वाटत असतानाच.

हरणं हा वेगळा विषय आहे. लहान पोरगं पट उधळतं, ते समजू शकतो, पण सत्तरीतले आजोबा सोंगटी हळूच पुढे सरकवतात त्याचं काय करायचं? लहानांसाठी दरवेळी मुद्दाम हरू नका, त्यांना कळतं. त्यापेक्षा उघड सवलत द्या, बुद्धिबळात तुमचा वजीर काढून ठेवा, चल्लसमध्ये त्यांची एक सोंगटी आधीच आत. आजोबांना चारचौघात पकडू नका, हसून "आण्णा, परत मोजा की" एवढंच.

आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की बुद्धिबळ खेळा, स्मृतिभ्रंश होत नाही. फ्रान्समध्ये ३,६७५ ज्येष्ठांचा वीस वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास २०१३ साली छापून आला, त्यात बोर्डगेम खेळणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचा, म्हणजे याच स्मृतिभ्रंशाचा, धोका १५ टक्के कमी दिसला. पण मुळातली स्मरणशक्ती आणि नैराश्य हिशोबात धरल्यावर तो फरक जवळपास उरला नाही. खेळणाऱ्यांमध्ये नैराश्य मात्र कमी दिसलं, तिथंही आनंदी माणसंच जास्त खेळतात असं असू शकतं. म्हणजे चांगली सवय आहे, औषध म्हणून विकू नका.

म्हणूनच कुणाला दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण जात नाही, कशातच रस नाही, मरणाच्या गोष्टी करतोय असं दिसलं तर पट बाजूला ठेवून डॉक्टरकडे न्या. मरणाचं बोलला तर दोन आठवड्यांची वाट पण बघू नका. सरकारची टेली मानस लाईन २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. उपचार चालू असताना पण शनिवारची बैठक मोडू नका. खेळायची इच्छा नसेल तर खेळायला लावू नका त्याला, शेजारी बसून फाकी टाकायचं काम दिलं तरी चालतंय, सोंगट्या दुसरा कुणीतरी हलवेल.