दोन इंचांवर थांबा: घरी पेशंट लिफ्टर वापरताना

पेशंट लिफ्टर म्हणजे ज्याला स्वतः उठता येत नाही अशा माणसाला झोळीत उचलून पलंगावरून खुर्चीत बसवणारं चाकांचं मशीन. ते घरी शिकवायला गेले की पहिली पंधरा मिनिटं मी मशीनला हातही लावत नाही. आधी गुडघ्यांवर बसून पलंगाखाली बघते. लिफ्टरचे दोन पाय पलंगाखाली सरकले, तरच वरचा दांडा पेशंटच्या बरोबर डोक्यावर न येता छातीवर येतो. आणि आपल्याकडे पुण्यात कोथरूडचा फ्लॅट असो की शनिवार पेठेतला वाडा, पलंग बहुधा पेटीचा. रजया, जास्तीची भांडी, लग्नातल्या साड्या सगळं त्याच्या पोटात. लिफ्टरचे पाय त्या पेटीला जाऊन टेकतात आणि काम तिथेच अडतं. डिपॉझिट भरून, टेम्पो करून मशीन घरी आणलेलं असतं आणि मग हे लक्षात येतं.

म्हणून दुकानात जाताना मोजपट्टी न्या. चाकांसकट लिफ्टरच्या पायाची उंची मोजा आणि घरी पलंगाखालची मोकळी जागा मोजा. पाच-सहा इंच मोकळे असतील तर बहुतेक मॉडेलं आत जातात. पेटीचा पलंग असेल तर माझं सांगणं एकच असतं: त्याच दुकानातून फाउलर कॉटही भाड्याने घ्या. तिची डोक्याकडची बाजू वर होते, त्यामुळे पुढची निम्मी मेहनत वाचते.

मी २८ वर्षं वॉर्डात सिस्टर होते. तेव्हा आमच्याकडे लिफ्टर नव्हता, हातच होते. एका रात्रपाळीला वॉर्डबॉय आला नाही. मी आणि एक मावशी, पेशंट ८० किलोंचे. एक, दोन, तीन म्हणून उचललं आणि माझ्या कमरेतून कळ थेट टाचेपर्यंत गेली. सहा आठवडे सतरंजीवर पडून काढले. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संशोधन संस्थेतले थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये याचा हिशेब मांडला होता. सगळं अनुकूल असलं तरी पेशंट उचलताना एका माणसाने ३५ पौंडांहून, म्हणजे साधारण १६ किलोंहून जास्त भार अंगावर घेऊ नये. आपल्या स्वयंपाकघरातला भरलेला गॅस सिलिंडर याच्या जवळजवळ दुप्पट असतो, आणि त्याला निदान धरायला कडं असतं. आजारी माणसाला कडं नसतं. त्याला आपण काखेत हात घालून ओढतो. अर्धांगवायूच्या पेशंटचा लुळा खांदा अशाने निखळतो. मला हे रोज कुठल्या ना कुठल्या घरी सांगावं लागतं: काखेत धरून ओढू नका, सुनेनेही नाही, धट्ट्याकट्ट्या मुलानेही नाही.

आता मशीन. खाली चाकांवरचे दोन पाय, जे फाकवता येतात. मध्ये खांब, खांबाला दांडा, दांड्याच्या टोकाला आडवा हँगर आणि हँगरला अडकवायची कापडी झोळी, जिला दुकानदार स्लिंग म्हणतो. हातपंपाचं मॉडेल गाडीच्या जॅकसारखं चालतं. दांडी वरखाली केली की पेशंट वर जातो आणि व्हॉल्व्ह सैल केला की खाली येतो. तो व्हॉल्व्ह एकदम उघडायचा नाही, नळ ठिबकवतो तसा थोडाथोडा. बॅटरीच्या मॉडेलला रिमोट असतो. ते रात्री चार्जिंगला लावायचं, आणि वीज-बॅटरी दोन्ही गेली तर हाताने खाली उतरवायची सोय कुठे आहे ते पहिल्याच दिवशी दुकानदाराकडून करून बघायचं, नुसतं ऐकून घ्यायचं नाही. खांबावरच्या पट्टीवर किती किलो भार चालेल ते लिहिलेलं असतं. झोळीवरही वेगळा आकडा असतो. दोन्हींपैकी कमी असेल तो आपला आकडा.

झोळीकडे मी मशीनपेक्षा जास्त वेळ बघते. खिडकीशी नेऊन प्रत्येक बंदाची शिवण बोटांनी ताणून बघते. दोरे सुटलेले, कापड विरलेलं, ब्लीचने रंग उडालेला, लेबल वाचता येत नाही असं काहीही दिसलं की ती झोळी परत. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांप्रमाणे माणसं उचलणारी साधनं दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यावी लागतात. आपल्याकडे भाड्याची झोळी किती घरं फिरून आली हे कोणी सांगत नाही. ते आपल्यालाच बघायचं. साइझही महत्त्वाचा. मोठ्या झोळीतून माणूस खालून घसरतो, लहान झोळी मांड्यांत रुतते. मापाचं म्हणाल तर खालची कड माकडहाडाशी आणि वरची कड निदान खांद्याच्या वर. मान धरता येत नसेल तर डोक्याला आधार असलेलीच घ्या. संडाससाठी मोठं भोक असलेली एक झोळी मिळते. घालायला सोपी म्हणून घरचे तीच मागतात, पण ज्यांना कमरेतून ताठ बसता येतं त्यांच्यासाठीच ती आहे. बाकीचे तिच्यातून खाली सरकतात.

झोळी घालायची ती उचलून नाही, कुशीवर वळवून. पेशंटला आपल्याकडे वळवा. झोळी उभी अर्धी दुमडून तिची मधली शिवण पाठीच्या कण्याला लावा, उरलेला अर्धा भाग गुंडाळून पाठीखाली खोचा. मग दुसऱ्या कुशीवर, आणि तो भाग हलकेच उलगडून घ्या. खेचाखेच केली तर कातडी सोलवटते, आणि बेडसोअरची सुरुवात अशा एका ओरखड्यापासूनही होऊ शकते. सुरकुती राहिली तर तळहात घालून सपाट करा. पायाकडचे दोन पट्टे मांड्यांखालून आत घ्या आणि एकातून दुसरा ओवून फुली करा. फुली केली की पाय मिटलेले राहतात आणि माणसाची लाजही राखली जाते. बायकांच्या बाबतीत तर वर पातळ चादर टाकल्याशिवाय मी हँगर खाली घेत नाही.

मग लिफ्टर आणा. पलंगाच्या चाकांना ब्रेक लावा, व्हीलचेअरलाही. लिफ्टरच्या चाकांना मात्र उचलताना बहुतेक मॉडेलांत ब्रेक लावायचा नसतो. याचं लोकांना नवल वाटतं. वजन उचललं जाताना मशीन थोडं सरकून स्वतःचा तोल सांभाळून घेतं, ब्रेक लावला तर ते सरकू शकत नाही आणि कलंडायची भीती वाढते. तुमच्या मॉडेलचं पुस्तक काय सांगतं ते वाचा आणि तेच धरा. पाय पूर्ण फाकवलेले हवेत. हँगर खाली आणताना एक हात सतत हँगरवर, नाहीतर तो नेमका कपाळावर येतो. आधी खांद्याचे बंद, मग मांड्यांचे. बंदांच्या टोकांना वेगवेगळ्या लांबीचे, वेगवेगळ्या रंगांचे फासे असतात. बसवायचं असेल तर खांद्याचे आखूड फासे आणि मांडीचे लांब फासे अडकवा, आणि डावीकडे जो रंग तोच उजवीकडे. हुकाला पत्ती असेल तर ती मागे बसली ना ते बोट लावून बघा. लघवीची पिशवी पलंगाच्या दांडीला बांधलेली असते, ती आधी सोडा. ही एकच गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते, आणि वर जाताना नळी ताणली की पेशंटला ज्या वेदना होतात त्या मी पाहिल्या आहेत. पिशवी सोडून मूत्राशयापेक्षा खालीच राहील अशी दुसऱ्याच्या हातात द्या.

आता वर घ्या. गादीपासून दोन इंच. आणि थांबा.

या थांबण्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले आहे. घरोघरी जायला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी नारायण पेठेतल्या एका घरी माझ्याच हातून चूक झाली. चार फासे अडकवले, सगळे बसले असं धरून चालले. डाव्या मांडीचा फासा हुकाच्या नुसत्या टोकावर होता. दोन इंच वर गेल्यावर सवयीने थांबले आणि आजी डावीकडे कलल्या. फासा सटकायच्या बेतात होता. खाली गादी होती, लगेच उतरवलं, त्यांना काही झालं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. थांबले नसते, तशीच बाहेर ओढली असती, तर आजी तीन फुटांवरून फरशीवर पडल्या असत्या. तेव्हापासून दोन इंचांवर मी चारही फासे मोठ्याने मोजते. डावा खांदा, उजवा खांदा, डावी मांडी, उजवी मांडी. घरच्यांनाही मोठ्याने मोजायला लावते. मनात मोजलेलं चुकतं. मग पेशंटच्या चेहऱ्याकडे बघते. श्वास नीट आहे ना, कुठे रुतत नाही ना, हात झोळीच्या आत आहेत ना.

दोन माणसं हवीतच. एकाने मशीन चालवायचं, दुसऱ्याने पेशंटजवळ राहायचं आणि बोलत राहायचं. नर्सिंग ब्युरोकडून आलेल्या मावशी एकटीने करू म्हणाल्या तरी नाही म्हणा.

बोलण्याचं महत्त्व मला एका काकांनी शिकवलं. वय ८४, डावी बाजू गेलेली, पण बोलणं स्वच्छ. पहिल्यांदा झोळीत वर गेले तेव्हा त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाले, "सिस्टर, पानशेतच्या वेळी पाण्यात पाय टेकत नव्हते, तसं वाटतंय." १९६१ च्या त्या पुरात त्यांच्या वाड्यात पाणी शिरलं होतं. त्यांची सून बाजूला उभी होती, तिने पटकन त्यांच्या पावलांखाली आपले दोन्ही तळवे धरले. "बाबा, हे बघा, टेकले." काकांनी मनगट सोडलं. तेव्हापासून मी पावलांखाली उशी किंवा हात धरायला सांगते आणि प्रत्येक पायरी करण्याआधी सांगते: आता वर जातोय, आता वळतोय, आता खुर्ची मागे आहे. शिवाय घरातल्या प्रत्येक धडधाकट माणसाला एकदा स्वतः झोळीत बसून लटकायला लावते. कोणी संकोचतं, पण मी आग्रह सोडत नाही. लटकून उतरलेला मुलगा नंतर वडिलांना कधी झटक्याने वर घेत नाही.

पलंगाबाहेर ओढताना पेशंटचं तोंड मशीन चालवणाऱ्याकडे वळवा. माणूस जितका खाली, तितकं मशीन स्थिर. तेव्हा गादी सुटेल एवढंच वर न्यायचं. वाटेतलं पायपुसणं, चटई, चार्जरची वायर आधीच उचला. छोटं चाक एका पायपुसण्यालाही अडतं आणि वरचा माणूस झोके खायला लागतो. ढकलायचं ते हँडलला धरून, पेशंटला किंवा दांड्याला नाही. आणि लांब जायचंच नाही. पलंगापासून खुर्चीपर्यंत, बस. जुन्या घरातला उंबरा किंवा बाथरूमची पायरी लिफ्टरने ओलांडायचा विचारही करू नका. खोलीतच चाकांच्या कमोड खुर्चीत बसवा आणि मग ती खुर्ची न्या.

खुर्चीत उतरवताना कंबर पाठीला लागायला हवी. दुसऱ्या माणसाने खुर्चीमागे उभं राहून झोळीच्या पाठीचं हँडल मागे ओढायचं आणि मशीनवाल्याने हळू खाली सोडायचं. पुढे बसलेला माणूस दहा मिनिटांत घसरायला लागतो. भार पूर्ण खुर्चीवर आला, बंद सैल झाले की मगच फासे काढा. हँगर लगेच वर करून बाजूला घ्या.

पेशंट जमिनीवर पडला असेल तर लिफ्टर आणायची घाई नको. डोक्याला मार, मानेत किंवा खुब्यात दुखणं, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, तर जागेवरून न हलवता १०८ ला फोन करा. मणक्याचं किंवा खुब्याचं नुकतं ऑपरेशन झालं असेल, एक पाय नसेल, तर कुठली झोळी आणि कसं हे डॉक्टरांना नाहीतर फिजिओला विचारल्याशिवाय काही करू नका.

झोळी लेबलवर लिहिल्याप्रमाणे धुवा. ब्लीच नाही, इस्त्री नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात ती दोन दोन दिवस वाळत नाही, आणि ओलसर झोळी कातडीला लागली की पुरळ उठतं, म्हणून दोन झोळ्या घ्याच. दुसरीही त्याच मशीनला चालणारी हवी. हँगरचे हुक वेगळे असतात.

ब्युरोच्या मावशी बदलत राहतात. आज आलेल्या मावशींना कालच्या मावशींनी काय केलं ते माहीत नसतं. त्यासाठी काकांच्या सुनेने पलंगाच्या डोक्याशी एक कागद लावला. मोठ्या अक्षरांत: खांदा हिरवा, मांडी निळा, पिशवी आधी सोडा, माणसं दोन. गेल्या महिन्यात काकांचं वजन सात किलोंनी उतरलं, झोळी ढगळ झाली. लहान साइझची आणली, त्यात मांडीला निळा फासा लांब पडायला लागला. तिने मला फोन करून विचारलं, मी जाऊन बसवून बघितलं, आणि तिने कागद काढून नवा लिहिला: मांडी पिवळा.