मीम पेजला लाइक हजारो, खात्यात शून्य? या चुका टाळा

घोडबंदर रोडवरच्या गाड्यांच्या रांगेवर मीम टाकलं की ठाणेकर लगेच कमेंटमध्ये हजर होतात, कारण बरेचसे त्याच रांगेत अडकलेले असतात. अशी पेजेस चालवणाऱ्या पोरांची तक्रार मात्र ठरलेली: लोक पोट धरून हसतात, पैसे कुणी देत नाही.

गडबड बहुतेक वेळा इथे होते. पेज जरा वाढलं की ठाण्याचे विनोद मागे पडतात आणि क्रिकेट, बॉलिवूड, परीक्षा असं कुठेही चालेल ते सुरू होतं. फॉलोअर वाढतात, जाहिरात देणारं गिऱ्हाईक तुटतं. नौपाड्यातल्या पोळी-भाजी केंद्राच्या मालकाला नागपूरचा माणूस हसला काय नि रडला काय, त्याच्याकडे डबा थोडाच जाणार आहे! इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये फॉलोअर कुठल्या शहरांतले ते दिसतं. दुकानदाराला भेटायला जाताना तो स्क्रीनशॉट न्या. राम मारुती रोडवरच्या दुकानाला ठाणे-कळव्याचे 15 हजार लोक राज्यभर विखुरलेल्या लाखापेक्षा जास्त उपयोगाचे असतात, आणि हे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

नुसत्या व्ह्यूजवर घर चालेल या भरवशावरही राहू नका. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि सोबत वर्षभरात 4,000 तास पाहिलं गेलेलं असणं किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज लागतात. त्यानंतर पैसे यायला सुरुवात होते, एवढंच.

दुसऱ्याचा चेहरा, आपला टी-शर्ट

सिनेमातली फ्रेम घेऊन फुकट पोस्ट केली तर सहसा कुणी विचारत नाही. तीच टी-शर्टवर छापली किंवा दुकानाच्या जाहिरातीत वापरली की तो धंदा झाला. 1957च्या कॉपीराइट कायद्यात टीका-समीक्षेसाठी सवलत आहे, पण ती दाखवून कपडे विकता येत नाहीत. नटाच्या चेहऱ्याचं तर आणखी वेगळं. 2023 मध्ये अनिल कपूर दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा नाव, आवाज, चेहरा यांच्यासोबत त्यांच्या ‘झकास’चाही परवानगीशिवाय व्यापारी वापर करायला न्यायालयाने मनाई केली.

परवानगी घेतली तरी ती कशापुरती आहे ते वाचा. अमेरिकेत ‘ग्रम्पी कॅट’ या रागीट चेहऱ्याच्या मांजरीचं चित्र एका कंपनीने थंड कॉफीच्या बाटल्यांसाठी रीतसर घेतलं आणि मग कॉफीच्या पुडीवरही छापलं. 2018 मध्ये ज्युरीने मांजरीच्या बाजूने 7 लाख 10 हजार डॉलर ठरवले. उपाय कंटाळवाणा पण पक्का: स्वतःचं पात्र काढा. चित्रकला येत नसेल तर पैसे देऊन काढून घ्या आणि हक्क तुमचे राहतील असं लिहून घ्या. सोसायटीचा खडूस सेक्रेटरी, लोकलमध्ये चौथी सीट मागणारा काका, कुणीही चालेल.

गाण्यांचंही तेच. ट्रेंडिंग गाणं पेड रीलला लावलं की आवाज बंद होण्याची शक्यता धरूनच चाला.

माल आधी छापू नका

‘कधी आणताय टी-शर्ट?’ अशा शंभर कमेंट म्हणजे शंभर ऑर्डर नव्हेत. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन बनते, म्हणून ते मोठ्या संख्येतच परवडतं. मग माणूस हौसेने ढीग छापतो आणि शेवटी घरात डबल एक्सएल उरतात. सुरुवातीला डीटीएफवर (फिल्मवर छापून कपड्यावर उमटवायची पद्धत) मोजकेच नग काढा, आधी यूपीआयने पैसे घ्या, मग छापा.

पैशाचं बोलायला लाजू नका

ओळखीतलं काम असलं तरी निम्मा अ‍ॅडव्हान्स, किती पोस्ट, किती दुरुस्त्या हे व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घ्या. ‘एक्सपोजर देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार. फुकट फोन किंवा वस्तू मिळाली तर तीही कमाईच. एकाच कंपनीकडून वर्षात 20 हजारांच्या वर गेली की 1 जुलै 2022 पासून तिच्यावर 10 टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) आहे. सेवांची उलाढाल वर्षाला 20 लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणीही आली.

पैसे घेतलेल्या पोस्टवर ‘जाहिरात’ लिहा. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने 2021 मध्येच तसं बंधन घातलंय. जोक चांगला असेल तर पाटी लावूनही लोक हसतात. लपवलेली जाहिरात मात्र ठाणेकर तासाभरात ओळखतो आणि कमेंटमध्ये तुमचंच मीम होतं.

‘तुमच्यावर कॉपीराइटची तक्रार आहे, इथे लॉगिन करा’ असे खोटे मेसेज येतील. लिंकला हात लावू नका, दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन आजच चालू करा.

आणि भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाची पेड पोस्ट? पैसे रोख आणि लगेच मिळतात, हे खरं. पण परवा पालिकेच्या खड्ड्यांवर जोक टाकायच्या आधी त्याला फोन करून विचारणार का, ते ठरवूनच घ्या.