‘मला काही प्रॉब्लेम नाही’ याच्या पुढे कसं जायचं

हे लिहितेय ते आम्हा ट्रान्स लोकांच्या बाजूने असणाऱ्यांसाठी, ‘तू ट्रान्स आहेस, मला काही प्रॉब्लेम नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी. जे प्राइड यात्रेला येतात, ऑफिसात कोणी घाणेरडा जोक मारला तर गप्प बसत नाहीत, माझं नाव नीट घेतात, त्यांच्यासाठी. मी ट्रान्स बाई आहे, पुण्यात नोकरी करते, आणि या माणसांचं प्रेम खरं आहे यात मला शंका नाही. पण ते एका ठरावीक ठिकाणी येऊन थांबतं, आणि जो थांबतो त्याला ते कळतही नाही, आम्हाला मात्र बरोब्बर कळतं. ती जागा कशी शोधायची आणि तिथून पुढे कसं सरकायचं, एवढंच सांगायचंय.

सगळ्यात आधी बघा की तुम्ही नकार कोणाच्या नावावर देताय. माझ्या अनुभवात स्वतःच्या नावावर कोणीच देत नाही. सोसायटीवाले कटकट करतील, आई जुन्या विचारांची आहे, मुलं लहान आहेत, क्लायंटला चालणार नाही. यातल्या किती जणांना तुम्ही प्रत्यक्ष विचारलंय? बहुतेक वेळा कोणालाच नाही, चेअरमनला तर पत्ताही नसतो की आपल्या नावावर एका मुलीला घर नाकारलं गेलंय.

घराचंच घ्या, कारण खरी परीक्षा तिथेच होते. एका जवळच्या मित्राचा वन बीएचके रिकामा पडलेला, मी घर शोधतेय हे त्याला माहीत होतं, रोज मेसेज करायचा की सापडलं का गं, ब्रोकरचे नंबर पाठवायचा, आणि स्वतःच्या फ्लॅटचा विषय एकदाही काढला नाही. तुमच्याकडे रिकामी खोली असेल तर विषय तुम्ही काढा, आम्हाला मागायला लावू नका. भाडं, डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, पोलिस व्हेरिफिकेशन, जे बाकीच्या भाडेकरूंना तेच आम्हाला, एक रुपया जास्त नाही आणि दयेने कमीही नाही. चेअरमनला तुम्ही स्वतः जाऊन भेटा, पण जिला घर देताय तिच्याबद्दल काय आणि किती सांगायचं हे आधी तिला विचारून. त्यांनी कुरकुर केली तर शांतपणे सांगा की २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात घर भाड्याने घेण्याच्या बाबतीतही भेदभावाला मनाई आहे. मालक तुम्ही आहात, तुमच्या बोलण्याला तिथे जे वजन आहे ते आमच्या बोलण्याला नाही.

दुसरी जागा म्हणजे तुमचं घर, म्हणजे सणवार. संक्रांतीच्या एका हळदीकुंकवाला मला अगदी आग्रहाने बोलावलं होतं, साडीचं कौतुक झालं, सगळ्यांनी सेल्फी काढले. हळदीकुंकू लावत लावत ताई माझ्यापर्यंत आल्या, एक सेकंद सासूबाईंकडे बघितलं, माझ्या हातात तिळगूळ आणि वाण दिलं आणि करंडा घेऊन पुढच्या बाईकडे गेल्या. कोणी काही वाईट बोललं नाही, वाणसुद्धा सगळ्यांसारखंच होतं. आता यात तुम्ही काय करायचं, तर बोलावण्याआधी घरच्यांशी बोलून घ्या, की ती येणार आहे आणि बाकीच्या बायकांसारखीच येणार आहे. ते भांडण तुमचं आहे, ते आमच्यासमोर किंवा आमच्या कपाळावर व्हायला नको. लग्नकार्यातही तेच, जेवायला बोलवताय पण फॅमिली फोटोच्या वेळी ‘जरा बॅग सांभाळतेस का’ असं होत असेल तर ते दिसतं हो आम्हाला.

आणि एक वाक्य कायमचं सोडा, ‘तू त्या सिग्नलवरच्यांसारखी नाहीस.’ हे कौतुक म्हणून बोलतात लोक. ट्रान्स कार्यकर्त्या गौरी सावंत टीव्हीवर दिसल्या की अभिमान वाटतो, सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या ट्रान्स व्यक्तीला सरपंच म्हणून निवडून दिलं हे सांगताना ऊर भरून येतो, आणि गाडीच्या काचेवर टकटक झाली की तोच माणूस काच वर करतो. पैसे द्या नाहीतर देऊ नका, तो तुमचा प्रश्न, पण नजरेला नजर देऊन ‘नाही ताई’ एवढं तर म्हणता येतं ना. आमच्यातल्या फक्त शिकलेल्या, नोकरीवाल्या, नीट बोलणाऱ्यांनाच जवळ करायचं असेल तर ती मैत्री आमच्या पगाराशी आहे.

सर्जरीबद्दल विचारू नका, जुनं नाव विचारू नका. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची आणि त्यासाठी सर्जरीची अट घालता येणार नाही, मग चहाच्या टपरीवर ती अट का? ट्रान्स पुरुषही असतात हेही लक्षात ठेवा, त्यांना तर लोक मोजतच नाहीत.

ट्रान्स मैत्रिणीसोबत दवाखान्यात येणार असाल तर एक काम नक्की करा, तिला विचारून आदल्या दिवशी फोन करून ठेवा की कुठल्या वॉर्डात बेड देणार आणि कुठल्या नावाने हाक मारणार. तापाने फणफणलेलं माणूस काउंटरवर उभं राहून हे सगळं भांडू शकत नाही, तुम्ही भांडू शकता.

एवढं करूनही काही गोष्टी तुम्हाला जमणार नाहीत, घरच्यांपुढे हिंमत होणार नाही, ठीक आहे. मग स्पष्ट आणि लवकर सांगा, ‘मला नाही जमणार’ असं, स्वतःच्या नावावर. आम्हाला वाईट वाटेल, पण ‘बघतो, बोलतो, पुढच्या आठवड्यात सांगतो’ यात आमचा महिना संपतो, जुन्या घराची मुदत संपते आणि दुसरं घर बघायला वेळच उरत नाही.