चुनखडकात बोअर मारता? या चुका टाळा

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या वणी, झरी-जामणी, कोरपना, राजुरा या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने ज्या दगडावर चालतात, त्याच दगडातून बऱ्याच गावांच्या विहिरींना पाणी येतं. तरी बोअर मारताना हिशेब लावला जातो तो काळ्या पाषाणाचा.

सगळ्यात महाग चूक म्हणजे शेजाऱ्याला पाणी लागलं म्हणून त्याच्या धुऱ्याला लागून बोअर मारणं. हा चुनखडक फार जुना, घट्ट. अखंड दगडात पाणी जवळपास मुरतच नाही. ते असतं भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि हजारो वर्षांत त्या भेगा विरघळवून रुंद करतं. अशी वाट सापडली तर धो-धो पाणी, नाहीतर दहा हातांवर नुसती भुकटी. पाणी लागलं नाही की ‘अजून शंभर फूट जाऊ द्या’ म्हणतात, पण बहुधा खाली भेगा मिटत जातात. पाणी शोधायला नारळ फिरवण्याआधी आसपासच्या विहिरींना किती फुटांवर झरा लागला ते लिहून काढा आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जा.

दुसऱ्या चुकीचा मला खरंच राग येतो. पुनर्भरण, म्हणजे जमिनीत पाणी परत मुरवणं, म्हणून वावराचं गढूळ पाणी सरळ कोरड्या बोअरमध्ये सोडतात. रेतीत पाणी गाळलं जातं. चुनखडकाच्या रुंद वाटांत ते जसंच्या तसं पळतं. फवारणीचं औषध, शेणखताचा निचरा, शोषखड्ड्याची घाण काही दिवसांत दुसऱ्याच्या पिण्याच्या विहिरीत पोचू शकते. छताचं स्वच्छ पाणी, तेही गाळून, एवढंच आत सोडावं.

पाऊस पडला की बोअर गढूळ होत असेल, तर वरचं पाणी आत शिरतंय. केसिंग (बोअरच्या तोंडातला पाइप) घट्ट दगडापर्यंत न्या, भोवती सिमेंट भरा. पावसाशी संबंध नसताना चिखल येत असेल, तर मातीने भरलेली पोकळी लागली असावी. तिथे मोठा पंप टाकू नका, उपसा कमी करा. गढूळ पाण्यात ब्लीचिंग पावडरचा प्रभाव नीट पडत नाही; आधी तुरटीने निवळा.

भांड्याला पांढरा थर धरतो तो विरघळलेल्या चुन्याचा. उकळल्याने जडपणा थोडा उतरतो, फ्लोराइड मात्र जात नाही. प्रयोगशाळेत दोन्ही तपासा: पर्यायी स्रोत नसेल तरी लिटरमागे जडपणा 600 किंवा फ्लोराइड 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेल्यास ते पाणी पिऊ नका.