भंडारदऱ्याच्या तलावावर फिरायचंय? आधी काठ कुठे आहे ते बघा

भंडारदऱ्याला लोक फोटो बघून जातात. फोटोत हिरव्या गवताला टेकलेलं निळं पाणी असतं, मागे रतनगड असतो. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये पोहोचलेल्या माणसाला रस्त्यापासून पाण्यापर्यंत तपकिरी उतार दिसतो आणि वाटतं, आपण फसलो. फसवलेलं कोणी नसतं. हा तलाव म्हणजे प्रवरेवर १९२६ साली पुरं झालेल्या विल्सन धरणाचं पाणी. साधारण ११ टीएमसी (अब्ज घनफूट) साठा, समुद्रसपाटीपासून ७५० मीटरच्या आसपास. ते पाणी खालच्या शेतीसाठी अडवलेलं आहे, म्हणून पावसाळा संपल्यावर ते उतरत राहतं आणि काठ त्याच्याबरोबर सरकत राहतो. चालणं, सायकल, गळ टाकणं, तिन्हींचा बेत या सरकत्या काठावरून ठरवायचा असतो.

पहिलं काम घरूनच: पाणीसाठा किती टक्के ते बघा. नगर-नाशिकच्या वर्तमानपत्रांत धरणांचे आकडे नेमाने येतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे सध्या आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणातून पाणी सोडणं, सुरू आहे का. तो का महत्त्वाचा, ते पुढे येईलच. एरवी माझ्या मते ऑक्टोबर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा हा सगळ्यात चांगला काळ. पाऊस संपलेला, तलाव बराचसा भरलेला, सुरुवातीला उतारांवर सोनकीच्या फुलांचा पिवळा रंग. मे अखेरीस काजवे बघायला जायचं असेल तर जरूर जा, पण त्या गर्दीत सायकल नेऊ नका.

जाणं सोपं. मुंबईहून किंवा नाशिकहून घोटी, तिथून धरणाजवळचं शेंडी गाव. मुक्काम शेंडीत.

सायकलची फेरी ४०-४५ किलोमीटरची धरा. शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, मग साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि धरणाजवळून परत. बरेच जण उलट्या दिशेने निघतात. मी याच दिशेने जायला सांगतो, कारण आपण डाव्या बाजूने चालवतो आणि या दिशेने तलावही डावीकडे राहतो. थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. शिवाय सकाळी पश्चिमेकडे जाताना ऊन पाठीवर, दुपारनंतर पूर्वेकडे परतताना पुन्हा पाठीवर. घाटघरला कोकणकड्यावर अर्धा तास थांबा. साम्रद ते रतनवाडी हा जंगलातला टप्पा सगळ्यात दमवणारा. तिथे पंक्चर झालं तर आपलं आपणच बघायचं, तेव्हा जादा ट्यूब आणि पंप हवाच. रतनवाडीत अमृतेश्वराचं प्राचीन देऊळ आणि शेजारची पुष्करणी बघून जेवून घ्या. आणि अंधार पडायच्या आत शेंडी गाठा. या भागात बिबट्या आहे, आणि तो सोडला तरी वळणांवर जीपवाल्यांना बिनदिव्याची सायकल दिसत नाही.

आता खरा अवघड भाग: रस्ता सोडून पाण्यापर्यंत चालत जाणं.

यावर मिळणारे सल्ले इतके निष्काळजी असतात की मला राग येतो. "सरळ उतरा खाली, सुकलेलं आहे सगळं," असं बिनदिक्कत सांगतात. मीही एका मार्च महिन्यात तसाच उतरलो होतो. एका ओढ्याच्या मुखाशी जमीन पांढुरकी, भेगाळलेली, टणक दिसत होती. वीसेक पावलं ती टणकच होती. मग एक पाय गुडघ्यापर्यंत गेला, तो काढायला दुसऱ्यावर जोर दिला तर तो मांडीपर्यंत. जितकं ओढावं तितकं खाली. वर गुरं चारणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी हाक ऐकली. ते जवळ आले नाहीत, लांबूनच ओरडले, "मागं बसा! बसा म्हणतो ना!" मग त्यांनी हातातली लांब काठी पुढे सरकवली. बाहेर यायला अर्धा तास लागला, एक बूट आतच राहिला. पाणी पाजून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "गुरं जिथं उतरतात, तिथंच माणसानं उतरावं." आजवर मला मिळालेला हा सगळ्यात उपयोगी सल्ला.

असं का होतं ते समजून घ्या. पावसाळ्यात ओढे डोंगरावरची माती आणतात. संथ पाण्यात आल्यावर जाड वाळू-गोटे आधी खाली बसतात, बारीक गाळ पुढे जाऊन थरावर थर साचतो. पाणी उतरलं की वरचा थर उन्हाने चार-सहा दिवसांत सुकतो, पण खालच्या चिकण गाळातलं पाणी निघायला कितीतरी आठवडे लागतात. भेगा पडलेली पापडी म्हणजे फक्त झाकण. आवर्तन सुरू असेल तर पाणी रोज खाली जातं, रोज नवा गाळ उघडा पडतो, आणि हा फसवा पट्टा सगळ्यात रुंद होतो. म्हणून आवर्तनाचं आधी विचारायचं. आवर्तन बंद होऊन काही आठवडे गेले असतील तर काठ पुष्कळ भरवशाचा होतो.

उतरण्याची जागा अशी निवडा. ओढ्याचं मुख टाळा, ते कितीही सपाट दिसो. मुरमाड उतार, गोटे किंवा कातळ पाण्यापर्यंत गेलेला दिसेल तिथून जा. खुरांचे ठसे बघा: उथळ आणि ताजे असतील तर जमीन धरते, खोल असतील तर परत फिरा. जुने बुडालेले बांध आणि गाडीवाटा उघड्या पडल्या असतील तर त्यांच्यावरून चालणं उत्तम. "हिरवं आहे तिथून जा" हा सल्ला अर्धा खोटा आहे. गुरांनी खाल्लेलं जुनं गवत ठीक, पण पाण्यालगत नुकतीच उगवलेली पोपटी लव म्हणजे खाली ओल आहे.

खांद्याएवढी काठी हवीच. दर पावलाआधी पुढे टोचा. चार बोटं जाऊन अडली तर पाऊल टाका, वीतभर सहज गेली तर मागे वळा. तिथे धाडस करण्यासारखं काहीही नाही. गमबूट घालू नका. गाळ बुटाला ओढतो, बूट पायाला ओढतो. जुने, घट्ट नाडीचे बूट बरे. अनवाणीही नको, काचा असतात.

अडकलातच तर ओढाओढ ताबडतोब थांबवा. मागे बसा किंवा आडवे व्हा, म्हणजे वजन पसरेल. पाय गाळात हळूहळू हलवत राहा. बाजूने पाणी शिरलं की पकड सुटते. मग एकेक पाय काढा आणि आलात त्याच वाटेने सरपटत परत या. सोबत्याने धावत जवळ जायचं नाही. त्याने काठी, दोर किंवा सतरंजी पुढे टाकायची. म्हणूनच एकट्याने या पट्ट्यात उतरू नये, असं मी ठामपणे सांगतो.

आणखी एक. पाणी हटलेल्या जमिनीवर गावकरी बरेचदा पीक घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. तुम्हाला मोकळं मैदान वाटतं, ते कुणाचं तरी शेत असतं. त्यातून सायकली घालू नका, तंबू ठोकू नका.

तलाव तुडुंब असेल तेव्हा हा प्रश्न येत नाही, पण दुसरा येतो. पाणी बांधांवर चढलेलं असतं आणि पायाखालचा उतार पायरीसारखा एकदम तुटतो. पोहायला उतरू नका, शेवाळलेल्या कातळावर उभे राहू नका, होडीत लाइफ जॅकेट घालूनच बसा.

राहिला गळ. जलाशयात मासेमारीचा ठेका असतो, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे. शेंडीत विचारा, ज्यांचा हक्क आहे त्यांची परवानगी घ्या, मगच दोरा सोडा. आजूबाजूचा बराच मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. त्या हद्दीत गळ पिशवीतून बाहेर काढायचाच नाही. पावसाळ्यात तर कुठेच नाही. रोहू, कटला, मृगळ तेव्हाच अंडी घालतात, आणि पोटात अंडी असलेली मादी मारणं मला पटत नाही.

आमिषासाठी कणकेचा घट्ट गोळा किंवा गांडूळ पुरतं, महागडी नकली आमिषं लागत नाहीत. पहाटे आणि सूर्यास्ताआधीचे दोन तास धरा. बसायला गोट्यांचा काठ निवडा. गाळाच्या काठावरून मोठा मासा ओढायला गेलात की पुन्हा पाय आत. लहान मासा ओल्या हाताने सोडवून पाण्यात सोडा. तुटलेल्या दोऱ्याचा प्रत्येक तुकडा खिशात घाला. नायलॉन कुजत नाही, आणि संध्याकाळी त्याच उतारावरून त्या बाबांसारख्या कुणाची तरी गुरं पाणी प्यायला येतात.